हरकत घेणारा माणूस

मोबाइलवर नवीन काही उघडलं की खाली 'मला मान्य आहे' असा एक चौकोन येतो. त्याच्या वरचा सगळा मजकूर वाचणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच होता, शांतवन खंडारे. नुसता वाचून थांबला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याला तो मजकूर कधीच मान्य होत नसे. चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणायचा, "मले मान्य नाई," आणि मोबाइल पालथा ठेवून द्यायचा. ख्रिस्ती माणसानं न वाचता 'मान्य' म्हणणं ही खोटी साक्ष आणि वाचून म्हणणं हा गाढवपणा, असं त्याचं मत होतं. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून पेन्शन आणि मतं या दोनच गोष्टी त्याच्याकडे नियमित जमा होत होत्या.

जगात सगळ्यांकडे असलेलं ते हिरवं ॲप त्यानं याच कारणानं घेतलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, रूथबाईनं, मात्र एका बोटानं मान्य करून टाकलं आणि वर विचारलं, "झालं काय त्याच्यात?" त्यावर शांतवननं घरात कायदा केला. त्या ॲपातून आलेली बातमी, चित्र, वाढदिवस, मयत, काहीही या घरात बोलायचं नाही. रूथबाई बरं म्हणाली. ती त्याच्या सगळ्याच मतांना बरं म्हणायची, आणि हेच तर त्याचं दुःख होतं.

कारण मत असणाऱ्या माणसाला हरकत घेणारा माणूस लागतो. तो नसेल तर मतं आंबतात. शांतवनचा हरकत घेणारा माणूस म्हणजे पाटणी चौकाजवळचे कापडवाले लखमीचंद. रोज संध्याकाळी, लखमीचंद दिवस बुडायच्या आत जेवायला घरी जाईपर्यंत, दुकानाच्या गादीवर हे दोघं भांडायचे. एक देवाला मानणारा, दुसरा जग कोणी केलंच नाही असं मानणारा जैन. गिऱ्हाईक पोलक्याचं कापड दाखवा म्हणून उभं राहायचं आणि विश्वाची उत्पत्ती ऐकून परत जायचं.

"प्रोग्राम हाये म्हंजे तो लिहिनारा असलाच पाह्यजे," शांतवन म्हणायचा. "एवढं मोठं जग चालून राह्यलं, थे काय आपल्या मनानं?"

"अन लिहिनाऱ्याले कोनं लिह्यलं?"

"त्याले कोनी लिहीत नसते."

"मंग जगालेच कोनी लिह्यलं नाई म्हन ना बावा. एक पायरी वाचते." लखमीचंद गज खाली ठेवायचे. "अन तुह्या लिहिनाऱ्यानं चुका इतक्या काहून ठेवल्या? माल बाहेर काढाच्या आंधी तपासून नाई पाह्यला?"

"चुका वापरनाऱ्याच्या हायेत. आमच्यात त्याले पाप म्हन्तेत."

कधी विषय कायद्याचा निघायचा. सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट वाटावं, कोणी त्याला कुलूप लावू नये, हे शांतवनचं आवडतं मत. फुकटच्या मालाला इज्जत नसते, ही व्यापारी हरकत. मग शांतवन विजयी मुद्रेनं म्हणायचा, "अपरिग्रह तुमच्या घरचा, अन पाळून राह्यलो मी!" त्या दिवशी लखमीचंद रागानं लवकर जेवायला जायचे. पण दुसऱ्या दिवशी उत्तर तयार करून बसलेले असायचे. असं कितीतरी वर्षं चाललं, आणि ते थांबेल असं दोघांपैकी कोणालाही कधी वाटलं नाही.

ते उन्हाळ्यात थांबलं. लखमीचंदचा मुलगा नमन पुण्यात स्थिरावला होता. त्यानं आईबापाला न्यायचं ठरवलं आणि दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. निघायच्या दिवशी गाडीत सामान भरलं जात असताना लखमीचंदनी शांतवनला बाजूला घेतलं.

"नमननं मोबाइल घेऊन देल्ला. त्याच्यात थे हिरवं हाये. तू फक्त हो म्हन, रोज तोंड पाहून भांडता येईन."

"मले त्याच्या अटी मान्य नाईत. तुले बोलाचं असन तं माह्या वेबसाइटवर ये."

"तुही वेबसाइट हाये?"

"हाये."

आता खोट्या साक्षीबद्दल इतकं बोलणाऱ्या माणसानं हे म्हणावं! वेबसाइट नव्हती. वेबसाइटचा विचारसुद्धा नव्हता. पण गाडी सुटायला आली होती, आणि अशा वेळी माणूस जे तोंडाला येईल ते बोलतो. लखमीचंद म्हणाले, "बरं, येतो मंग," आणि गाडीत बसले. शांतवन गाडी दिसेनाशी झाली तरी चौकात उभा होता.

तिथून त्या वेबसाइटची सुरुवात झाली. दुसऱ्या कोणी असतं तर एखाद्या कंपनीची जागा घेऊन तासाभरात मोकळं झालं असतं. पण कंपनीची जागा म्हणजे कंपनीच्या अटी, आणि अटी म्हणजे पुन्हा तोच चौकोन. शांतवननं ठरवलं की वेबसाइट आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवरून चालेल आणि तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू राहील. त्यानं माळ्यावरचा कॉम्प्युटरचा जुना डबा काढला, दोन मेलेल्या डब्यांचे अवयव त्यात बसवले आणि समोरच्या खोलीत, जिथं नाताळात गव्हाणीचा देखावा मांडत, तिथं त्याची स्थापना केली. हिरवे-लाल दिवे लुकलुकायला लागले. रूथबाई म्हणाली, "बरं दिसते."

दिवे दिसल्याबरोबर शेजारचा जगदेव आला. मूळचा रिठदचा, शेती तिकडं, मुलांच्या शाळेसाठी घर इकडं, आणि सल्ला कोणत्याही विषयावर.

"भाऊ, याच्यातून पैसे निघतेत म्हने?"

"पैसे नाई निघत. याच्यात माही मतं हायेत."

"मतं?" जगदेवनं डब्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "अरे बाप्पा! हे तं तापून राह्यलं. मतं जळतीन ना भाऊ. कूलरसमोर ठेवा याले."

शास्त्रीय दृष्टीनं सल्ल्यात चूक नव्हती. यंत्राला थंड हवा लागते हे शांतवनलाही मान्य होतं, आणि त्याला काही मान्य होणं ही दुर्मीळ गोष्ट असल्यानं त्यानं तो सल्ला लगेच अमलात आणला. वऱ्हाडातला कूलर हवा देतो तशीच थोडी फवारणीही देतो, एवढं दोघांच्या लक्षात आलं नाही. सकाळी डबा थंड होता. इतका थंड की पुन्हा कधी गरम झालाच नाही. शांतवन अकोल्याला जाऊन नवीन भाग घेऊन आला. जगदेव दारात उभा राहून हळहळला आणि म्हणाला, "मी म्हटलं होतं, तापते म्हनून."

मग आला कायदा. घरात रात्रंदिवस यंत्र चालवायचं म्हणजे कोणाची तरी परवानगी लागत असणार, असं शांतवनला वाटलं. कोणीही मागितली नव्हती. पण कायदा पाळणाऱ्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही, तो आपणहून संकट शोधत जातो. तो एका कचेरीत गेला. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथल्या उदयसिंग बाबूला अजून नोकरी करायची आहे.

"यंत्र रातदिस चालते?" उदयसिंगनं विचारलं.

"चालते."

"आवाज?"

"पंख्याचा येते."

"गरम होते?"

"होते."

उदयसिंगनं समोरची यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. "मंग हे गिरनीत बसते," तो म्हणाला.

"कायच्या गिरनीत?"

"पिठाच्या. घरगुती. दुसऱ्या कायच्यातच बसत नाई ना भाऊ. तुमी सद्या त्याच्यातच बसून घ्या, मंग पाहू."

अशा रीतीनं शांतवन खंडारे यांचं विज्ञान, कायदा आणि धर्म यांवरचं संकेतस्थळ सरकारदरबारी पिठाची गिरणी म्हणून नोंदवलं गेलं. पुढच्या आठवड्यात एक साहेब धूळ उडते का ते बघायला आले. त्यांनी डब्याचं झाकण उघडायला लावलं, आत बोट फिरवलं, थोडी धूळ निघाली, तशी त्यांनी मान डोलावली. ते जाऊन चहाचे कप धुवून होतात न होतात तोच जगदेवची बायको सोजरबाई ज्वारीचा डबा घेऊन हजर.

"भाऊ, गिरनी टाकली अन शेजाऱ्यायले सांगतलं नाई? जरा बारीक दळजा, पोट्ट्यायले भाकर खरखर लागते."

शांतवननं तिला समजावलं की हे यंत्र धान्य दळत नाही, विचार प्रसारित करतं. सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग रूथबाईकडं वळून हळूच म्हणाली, "नाई दळाचं तं नाई म्हना ना वहिनी, एवढं कायले फिरवतेत?" आणि डबा उचलून गेली. त्यानंतर बरेच दिवस तिनं कढीपत्ता मागितला नाही. शांतवनला हा अपमान फार लागला.

पण या सगळ्यातून आषाढात एकदाची वेबसाइट सुरू झाली. पहिल्या पानावर 'मते' असं मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येक मताच्या खाली एक मोकळी जागा: 'हरकत असल्यास येथे लिहावी'. शांतवननं पहिलं मत लिहिलं, विज्ञान आणि श्रद्धा यांत भांडण नाही, भांडण माणसांत आहे. मग त्यानं लखमीचंदला पत्ता कळवायला साधा फोन लावला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशीही फोनमधली बाई तेच सांगत होती. नंबर बदलला असेल, आणि बदलला तर पहिलं आपल्याला कळवायला नको? नमनला विचारावं असं मनात आलं. पण बापानं टाळलं म्हणून मुलाकडं जाणं म्हणजे भीक मागणंच, असं एक नवीन मत त्याच्याकडं जमा झालं. शिवाय नाव टाकलं की वेबसाइट सापडते. यायचं असेल तर माणूस येतो.

लखमीचंद काही आले नाहीत. किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा मात्र वाढत होता. पण शांतवन स्वतःच दिवसातून इतक्या वेळा उघडून बघायचा की तो आकडा त्याचाच होता.

श्रावणात त्यानं गळ टाकायला सुरुवात केली. लखमीचंदला चीड येईल अशी मतं तो निवडून लिहू लागला. व्यापारी माणसाला तत्त्वज्ञान कळत नाही. टेरिकॉट हे कापडच नव्हे. हरकतीची जागा मोकळीच. शेवटी एका संध्याकाळी, बरोबर दुकानात जाऊन बसायच्या वेळेला, त्यानं उभ्या आयुष्यात जे कबूल केलं नव्हतं ते लिहून टाकलं: 'जगाला निर्माता नसावा, हे लखमीचंद यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे.' हे वाचून तो माणूस पुण्याहून पायी आला असता. शांतवन दाराकडं तोंड करून बसला.

आले ते चर्चचे पाळकसाहेब. नवीन होते, तरुण होते, आणि नुकतंच त्यांना कोणीतरी हे वाचून दाखवलं होतं.

"खंडारेभाऊ," ते अतिशय मायेनं म्हणाले, "घरी काही अडचण आहे का?"

हे गळाचं किडूक आहे, हे कसं सांगणार? एका जैन कापडवाल्यानं आपल्याशी पुन्हा भांडावं म्हणून मी क्षणभर देवाला बाजूला ठेवलं, असं पाळकाला सांगता येत नाही. शांतवन म्हणाला, "अडचन काई नाई." रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेऊन, विश्वासात डळमळलेल्या बांधवासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले होते, पण प्रत्येकानं एकेक किलकिला ठेवला होता. शांतवन पहिल्या बाकावर बसून लाल होत गेला. त्यालाही त्या दिवशी मनापासून प्रार्थना करायची होती, आणि ती लखमीचंदसाठीच होती.

भाद्रपद आला. पर्युषण झालं की जैनांचा क्षमेचा दिवस येतो, वर्षभरात कोणाला दुखावलं असेल तर हात जोडून माफी मागायचा. दर वर्षी त्या दिवशी लखमीचंद धुतलेला सदरा घालून खंडाऱ्यांच्या ओसरीवर यायचे. "काई बोललो असन तं माफ कर." शांतवन म्हणायचा, "मी तं कवाच केलं, आमच्यात रोजच करा लागते." मग कोणाची माफी जास्त खरी यावर भांडण व्हायचं आणि दोघं पुढच्या वर्षाच्या माफीची सोय करून ठेवायचे.

या वर्षी शांतवन सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ओसरीत बसला. पुण्याहून कोण कशाला येतं, हे त्याला कळत होतं. तरी फाटक वाजलं की मान वर व्हायची. जगदेव आला, दूधवाला आला, एक गाय आली. दिवस कलला. शांतवन उठून आत गेला आणि लुकलुकणाऱ्या डब्यासमोर उभा राहिला.

"रूथ," तो म्हणाला, "थो मले इसरला." आणि त्याचा आवाज फाटला. "गावात सगळे मले हो म्हन्तेत व. कोनी नाई म्हनत नाई. मी कोनासंगं बोलू?"

त्यानं बटनाकडं हात नेला. रूथबाई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. तिच्याच्यानं ते बघवेना.

"भाऊ शिरपूरले हायेत," ती म्हणाली.

"कोनता भाऊ?"

"लखमीचंदभाऊ. आषाढापासून. महाराजायचा चातुर्मास हाये ना तिथं, तं दोघंबी धर्मशाळेत राह्यले आले. त्यायनं मोबाइल सोडला दिवाळीवरी, शिरपूरच्या बाहेरबी जात नाईत. नेम घेतला."

शांतवन हात तसाच बटनावर ठेवून तिच्याकडं बघत राहिला. शिरपूर! जवळचं मालेगाव ओलांडलं की आलंच. तो पुण्याकडं तोंड करून मतं सोडत होता आणि माणूस आपल्याच जिल्ह्यात!

"अन तुले कसं मालूम?"

"कंचनवहिनी रोज फोटो टाकतेत." कुठं टाकतात ते ती बोलली नाही. "आज माफीचाबी आला, तुमच्या नावाचा. हात जोडलेला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमीच कायदा केल्ता ना, त्याच्यातलं काईच घरात बोलाचं नाई म्हनून. मले वाटलं, तुमाले दुसरीकडून मालूम असन. अन आज पाह्यलं तं..." मग तिलाच राग आला. "माह्यावर कायले डोये वटारता? पोया खायाच्या का नाई?"

रागवायला शांतवनला कोणतंही कलम सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या मोटारीनं निघाला. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं. उन्हाळ्यापासून साचलेली मतं तो मनात क्रमानं लावत होता. आधी तक्रार, मग कायदा, मग विज्ञान, शेवटी देव.

धर्मशाळेच्या अंगणात लखमीचंद चटईवर बसले होते, पांढरं धोतर, उपरणं, उपासांनी वाळलेले. शांतवनला बघताच ते धडपडून उठले, दोन्ही हात जोडले आणि तसेच उभे राहिले. तोंडातून शब्द नाही. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी.

"बोल ना," शांतवन म्हणाला. "काहून बोलत नाईस? राग हाये?"

आतून त्यांच्या पत्नी कंचनबाई आल्या. "या भाऊ. राग कायचा? मौन हाये आज. काल दिवसभर सगळ्यायची माफी मांगू मांगू बोलले, म्हनून आज पक्कं मौन घेतलं. लिहूनबी नाई, खुनेनंबी नाई. उद्या सकाळी सुटन." मग त्यांनी आवाज बारीक केला. "वाशीमची मोटार याच्या टायमाले रोज फाटकात जाऊन उभे राह्यतेत. मी म्हनते, शांतवनभाऊले निरोप धाडला हाये, येतीन. तुमी काहून नाई आले हो इतके दिवस?"

शांतवननं चपला काढल्या. तो चटईवर बसला आणि त्यानं मतं सुरू केली.

खरं म्हणजे हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. आपण बोलावं आणि लखमीचंदला उत्तर देता येऊ नये. त्यानं अटींचा मुद्दा मांडला. कोणी अडवलं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा मांडला, टेरिकॉटचा मांडला. लखमीचंद ऐकत होते, आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. एकदा त्यांची मान जोरात हलली, तशा कंचनबाई आतून ओरडल्या, "मान हलवनं म्हंजेबी बोलनंच हाये!" मग त्यांनी मानही घट्ट धरून ठेवली. शांतवन पूर्ण जिंकला होता, आणि त्याला मुळीच मजा येत नव्हती. घास तोंडात आहे आणि मीठच नाही, असं त्याला झालं.

तो चटईवर थोडा पुढं सरकला. मग म्हणाला, "आता तू म्हनशीन, लिहिनाऱ्याले कोनं लिह्यलं." आणि त्याचं उत्तर दिलं. मग पुन्हा लखमीचंदच्या वतीनं हरकत घेतली, पुन्हा उत्तर दिलं. दोन्ही बाजू एकटाच लढू लागला. लखमीचंदची बाजू मांडताना तो आवाजही त्यांच्यासारखा काढत होता. यात्रेकरू थांबून ऐकायला लागले. एक म्हातारी पाया पडून गेली. खुद्द लखमीचंद मात्र कासावीस झाले होते. उपरण्याचं टोक त्यांनी हाताच्या मुठीत पिळून ठेवलं होतं.

उन्हं उतरली. दिवस बुडायच्या आत सगळ्यांबरोबर शांतवन जेवला, कांदा नाही, बटाटा नाही, आणि तक्रारही नाही. शेवटच्या मोटारीची वेळ झाली तसा तो उठला. बघतो तर त्याची पिशवी लखमीचंदच्या मांडीवर.

"दे, गाडी जाईन."

लखमीचंद समोर भिंतीकडं बघत होते. खूण नाही, शब्द नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. शांतवननं ओढून पाहिली, सुटेना. फाटकाबाहेर मोटारीनं हॉर्न दिला, थोडं थांबली आणि निघून गेली.

शांतवन परत चटईवर बसला. "लय आठवन आली लेका तुही," तो म्हणाला. "मले दुसरं कोनी नाई."

लखमीचंदनी पिशवी आणखी जवळ घेतली.

सकाळी शांतवनला जाग आली तेव्हा लखमीचंद आंघोळ करून त्याच्या उशाशी बसलेले होते. किती वेळ, देव जाणे. त्यांनी डोळे मिटून शांतपणे णमोकार मंत्र म्हटला, एकही अक्षर न गाळता. मौन सुटलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि शांतवनच्या गुडघ्यावर थाप मारली.

"सप्पा गलत बोलला तू काल!" ते म्हणाले. "माही बाजू अशी असते काय?"

शांतवननं चष्मा चढवला. पांघरूण बाजूला सारून तो तसाच, तोंडही न धुता, त्यांच्यासमोर मांडी घालून बसला.